रविवार मागणारी माणसं

१८९० सालच्या एप्रिलची २४ तारीख. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले होते. मागणी एकच होती आणि ती एका ओळीत मावणारी होती: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, गिरणी पूर्ण बंद ठेवा. सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अधिवेशनात बोलणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कादंबिनी गांगुली बोलल्या त्या त्याच वर्षी डिसेंबरात, कलकत्त्याला. गिरणीतल्या या दोघी त्यांच्या आठ महिने आधी हजारोंच्या जमावापुढे उभ्या राहिल्या होत्या. त्यांना ना इंग्रजी येत होतं, ना सभाशास्त्र ठाऊक होतं. मुलं, चूल आणि गिरणी या तिन्हींत आठवड्याचे सातही दिवस कसे जातात, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

रविवारची सुट्टी आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणी मागून घेतली असेल असं मनातही येत नाही. पण या सुट्टीला जन्मतारीख आहे, तिच्यासाठी राबलेली माणसं आहेत आणि तिला विरोध करणारेही होते. त्या विरोधकांत काही फार मोठी नावं होती.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागात धुराडी उभी राहत गेली. रत्नागिरीकडून कोकणी माणूस आला, साताऱ्याकडून आणि पुण्याच्या आसपासच्या गावांतून घाटी माणूस आला. गावात यांनी कष्ट कमी केले होते असं मुळीच नाही. सुगीत अठरा-अठरा तास राबणारी ही माणसं. पण शेतीच्या कामाला चढउतार असतात. पेरणीची धांदल असते तशी पेरणीनंतरची उसंतही असते. बैलपोळा असतो, गावची जत्रा असते, बाजाराचा दिवस असतो. गिरणीत यातलं काही नव्हतं. दिवस उजाडला की इंजिन सुरू आणि दिसेनासं झालं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तास, थंडीत दिवस लहान म्हणून दहा-अकरा तास. सूर्य गावातही होता, पण इथे तो मालकाच्या घड्याळाचं काम करत होता.

कामगाराच्या खोलीत मात्र घड्याळ नव्हतं. उशीर झाला तर फाटक बंद आणि दिवसाची मजुरी बुडाली. या धास्तीने माणसं मध्यरात्रीनंतर कधीतरी उठत, अंदाजाने भाकरी बांधून घेत आणि अंधारात चालत गिरणी गाठत. पोचल्यावर कळे की अजून तास-दोन तास अवकाश आहे. मग फाटकाबाहेरच, रस्त्याच्या कडेला, तशीच आडवी होत. झोपेचा राहिलेला तुकडा तिथे पुरा करायचा. आत गेल्यावर जेवायलाही इंजिन थांबत नसे. आपला साचा शेजाऱ्यावर सोपवून, कापसाच्या उडत्या तंतूंत, कोपऱ्यात बसून घास घ्यायचे. कामगार मधूनमधून विडी ओढायला बाहेर जातात, म्हणून त्यांचे कामाचे तास दिसतात तेवढे नसतातच, असं मालक चौकशी आयोगांपुढे वारंवार सांगत राहिले. बारा तास सलग यंत्रापुढे उभं राहणं माणसाच्या देहाला जमत नाही, म्हणून तो बाहेर जातो, हा त्या साक्षीतून निघणारा सरळ अर्थ मात्र ते काढत नव्हते.

सुट्टी अगदीच नव्हती असं नाही. दिवाळी, होळी, गणपती अशा सणांना गिरण्या बंद असत, काही गिरण्या एखाद्या रविवारी बंद ठेवत. पण ते मालकाच्या मर्जीवर. शिवाय बंदचा दिवस म्हणजे यंत्रं पुसण्या-झाडण्याचा दिवस. सकाळी येऊन साचे साफ करायचे, तेलपाणी करायचं आणि दुपार उलटल्यावर घरी जायचं.

हे सगळं सरकारी कागदावर आलं ते मेजर मूर नावाच्या अधिकाऱ्यामुळे. मुंबईच्या कापूस खात्याचा अहवाल लिहिताना, १८७४च्या सुमारास, त्याने गिरण्यांतले लांबलचक तास आणि तिथे राबणारी लहान मुलं यांची नोंद केली. ती नोंद विलायतेत पोचली. १८७५ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा विषय उमरावांच्या सभागृहात मांडला. इंग्लंडमधल्या गिरण्यांतल्या मुलांसाठी आयुष्यभर झगडलेला हा माणूस. त्याच्या कळकळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण त्याच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला होता, तो लँकेशायरच्या गिरणी मालकांचा. मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या बाजारपेठा खात होतं. इंग्लंडात कायद्याने कामाचे तास बांधलेले, मुंबईत मोकळं रान. हिंदुस्थानातही कायदा व्हावा, असं मँचेस्टरला वाटू लागलं यात नवल नव्हतं.

इथेच हा इतिहास अवघड होतो. मुंबईत चौकशी आयोग बसला आणि त्यातल्या बहुतेकांनी कायद्याची गरज नाही असं सांगून टाकलं. देशी वृत्तपत्रंही बहुतेक कायद्याच्या विरोधात गेली. पुढे निघालेले पुण्याचे 'केसरी' आणि 'मराठा'ही त्यांत सामील झाले. त्यांचा तर्क समजण्यासारखा होता. देशातला एकमेव वाढता उद्योग, त्याचा गळा आवळायला परक्या व्यापाऱ्यांनी माणुसकीचा बुरखा घेतला आहे, हे आपण का खपवून घ्यावं? सरकारने त्याच काळात परदेशी कापडावरची आयात जकात उतरवली होती, त्यामुळे संशयाला बळकट आधारही होता. या मंडळींनी हेतू बरोबर ओळखला होता. चूक पुढच्या पायरीवर झाली. कायदा मागणाऱ्याचा हेतू स्वार्थी आहे, एवढ्यावरून सात वर्षांच्या पोराने बारा तास बॉबिनी उचलणं योग्य ठरत नाही. परळच्या चाळीत राहणारा माणूस हाही देशच होता, ही गोष्ट त्या काळच्या राष्ट्रवादी लेखणीला दिसायला बराच वेळ लागला.

ती दिसलेला एक मुंबईकर पारशी होता. सोराबजी शापुरजी बंगाली. पारशी समाजातल्या विवाह आणि वारसा कायद्यांसाठी झटलेला हा सुधारक स्वतः व्यापारी वर्तुळात वावरणारा. आपल्याच वर्तुळातल्या गिरणी मालकांचा रोष ओढवून घेऊन त्याने १८७८ मध्ये कारखान्यांसाठी कायद्याचा मसुदा तयार केला. मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्याने प्रकरण थेट विलायतेतल्या वृत्तपत्रापर्यंत नेलं. त्यासाठी त्याच्यावर देशद्रोहासारखे आरोप झाले. तरीही तो मागे हटला नाही. बंगाली यांच्याजवळ विलायती बाजारपेठ नव्हती, की मतपेटी नव्हती. हे चालणं बरोबर नाही, एवढंच त्यांचं भांडवल.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला आणि १ जुलैपासून लागू झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या. धोक्याच्या यंत्रांना कठडे लावायचे. प्रौढ पुरुष आणि बायका यांच्याबद्दल चकार शब्द नाही. शंभरांहून कमी माणसं असलेले कारखाने मोकळे, वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखानेही मोकळे.

या शेवटच्या सवलतीची किंमत खान्देशाने मोजली. तिथले सरकी काढण्याचे आणि गासड्या बांधण्याचे कारखाने कापसाच्या हंगामातच चालत. मुंबई सरकारच्या १८८४-८५च्या कारखाना आयोगापुढे तिथली जी हकिगत आली ती आजही वाचवत नाही. बायका पहाटे चार-पाचला येत आणि रात्री दहापर्यंत जिनांपुढे बसत. कामाची घाई झाली की तीच माणसं दिवसाही आणि रात्रीही, सलग कित्येक दिवस राबत. कायद्याने मुंबईच्या गिरणीभोवती एक रेघ ओढली होती आणि जळगाव त्या रेघेच्या बाहेर राहिलं होतं.

आता कामगारांच्या बाजूने बोलणारा माणूस हवा होता, आणि तो त्यांच्यातूनच आला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८चा, ठाण्याचा. घराणं मूळ पुणे जिल्ह्यातलं, फुलमाळी. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण झालं नाही. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर लागले. कोठारातून त्यांनी गिरणी आतून पाहिली: मुकादमाची दंडेली, खाड्याचे दंड, महिना-दीड महिना अडकवून ठेवलेला पगार. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचेही झाले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणलं आणि नोकरी सोडून त्यालाच वाहून घेतलं.

सत्यशोधकांची शिकवण इथे फार महत्त्वाची ठरली. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, जन्मावरून कुणाचा मान ठरू नये, हे ज्याने मनापासून मानलं तो मालक आणि मजूर यांच्या नात्याकडे वेगळ्या नजरेने बघणारच. मालकाने दया दाखवावी अशी विनवणी लोखंड्यांच्या मागण्यांत नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. सह्या म्हणायचं, त्यातले बहुतेक निशाणी अंगठेच असणार. दर रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

या पाच मागण्या नीट वाचाव्यात. पगारवाढीचा उल्लेख एकीतही नाही. सगळ्या मागण्या वेळेच्या आणि भरवशाच्या आहेत. उद्या काय होईल हे आज माहीत असावं, एवढंच ही माणसं मागत होती.

लोखंड्यांनी स्थापन केलेल्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला देशातली पहिली कामगार संघटना म्हटलं जातं. सरकारी अहवालाने पुढे नोंदवलं, की या संघटनेकडे ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना घटना. लोखंडे स्वखुशीने सल्ला देत, अर्ज लिहून देत, साक्षी देत. वर्गणी भरायला दमडी नसलेल्या माणसांची संघटना अशीच असणार होती. तिची ताकद मैदानावर मोजायची होती.

मालकांचा युक्तिवाद दुहेरी होता. एक, हिंदू कामगारांना सणावारांच्या सुट्ट्या मिळतातच. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा दिवस, त्याचं यांना काय? दुसरा, सुट्टी दिली तर त्या दिवसाची मजुरी बुडेल आणि कामगारच ओरडतील. पहिला मुद्दा मराठी मुलखात टिकणारा नव्हता. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या वाटेवरच्या गावांतून आलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नव्हता. दुसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य होतं. सूत आणि कापडाच्या मापावर पैसे मिळवणाऱ्यांची रविवारची कमाई खरोखरच बुडणार होती. तरीही त्यांनी रविवार मागितला. पोटाला चिमटा घेऊन मागितलेल्या त्या दिवसाचं मोल त्यावरून कळतं. आणि सण वेगवेगळ्या जातीधर्मांचे वेगवेगळे असतात, गिरणीत तर हिंदू आणि मुसलमान शेजारी-शेजारी उभे होते. सर्वांना एकाच दिवशी मोकळं करणारा दिवस पंचांगातून मिळणं कठीण होतं.

महालक्ष्मीच्या सभेचं निवेदन गिरणी मालक संघाकडे गेलं आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्यात सोराबजी बंगाली सभासद होते आणि मुंबईच्या कामकाजापुरते लोखंडेही. १८९१च्या सुधारित कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्व कामगारांना दिली, दुपारी अर्धा तास काम थांबवणं सक्तीचं केलं, बायकांचे तास अकरावर आणले, मुलांचं किमान वय नऊ केलं आणि चौदा वर्षांपर्यंत सात तासांची मर्यादा घातली. कायदा आता पन्नास माणसांच्या कारखान्यालाही लागू झाला.

त्या एका दिवसाने गिरणगावाचं जगणं कसं बदललं, हे पाहण्यासारखं आहे. आठवड्याला कणा आला. शनिवारची संध्याकाळ वेगळी झाली. कागद लिहिता येणाऱ्या माणसाभोवती रविवारी घोळका जमे, गावी पत्रं आणि मनीऑर्डरी जात. खोलीत आठ-दहा जण मिळून राहणाऱ्या, खाणावळीत जेवणाऱ्या गड्यांना रविवारी मटणाचा रस्सा मिळे. भजनी मंडळं, तालमी, गावकीच्या बैठका, तमाशाचे फड, पुढे कामगारांचे वाचनवर्ग आणि युनियनच्या सभा, हे सगळं रविवारवर उभं राहिलं. एकत्र मोकळा वेळ नसेल तर समाज बनत नाही, नुसती गर्दी राहते. खाणावळ चालवणाऱ्या बाईला मात्र रविवारी काम दुप्पट होतं. गिरणीतून सुटलेल्या कामगार बाईचंही तसंच: साचलेलं धुणं, दळण, पोरांच्या अंघोळी. कायद्याची रेघ घराच्या उंबऱ्याशी थांबली होती आणि महालक्ष्मीला बोललेल्या त्या दोघींचा रविवार अर्धाच त्यांच्या वाट्याला आला.

लोखंडे गिरणीपुरते थांबले नाहीत, हेही सांगायला हवं. त्याच १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. एका रूढीचं पालन ज्यांच्या हातातल्या वस्तऱ्यावर अवलंबून होतं, त्यांनाच त्यांनी विचारलं, की हे तुम्हाला पटतं का? १८९३च्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर राणीच्या बागेत सलोख्यासाठी सर्व जातीधर्मांच्या लोकांचा मेळावा भरवणाऱ्यांतही ते होते. माणसांनी एकमेकांशी कसं वागावं हा एकच प्रश्न ते गिरणीत, घरात आणि रस्त्यावर विचारत होते. १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगची साथ चालू असताना, रुग्णांच्या मदतीत गुंतलेले लोखंडे त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्या आत.

कायदा झाला म्हणजे तो पाळला जातो असं नाही. मुलांचं वय ठरवायला जन्माचा दाखला नव्हता, डोळ्यांनी पाहून अंदाज बांधायचा. तपासनीस मोजके, गिरण्या पुष्कळ. आणि मग विजेचे दिवे आले. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत ते सर्रास लागले आणि निदान सूर्यास्ताला सुटका करणारी ती जुनी मर्यादाही गेली. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्यात बंधन नव्हतंच. तेजीच्या हंगामात तेरा, चौदा, कुठे पंधरा तास काम होऊ लागलं. त्याच वर्षी कामगारांनी दिव्यांच्या उजेडातल्या या कामाविरुद्ध संप केले.

तीन वर्षांनी याच कामगारांनी देशाला चकित केलं. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस, दर वर्षाला एक दिवस या हिशेबाने, गिरण्या बंद पडल्या. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. ज्यांच्यासाठीच्या कायद्याला टिळकांच्या 'केसरी'-'मराठा' वर्तुळाने पंचवीस वर्षांपूर्वी विरोध केला होता, त्यांनीच टिळकांसाठी मजुरी आणि जीव पणाला लावला. या मधल्या काळात टिळकही बदलले होते. ते कामगारांपुढे दारूबंदीवर आणि स्वदेशीवर बोलू लागले होते. एकत्र येण्याची सवय मात्र कामगारांनी स्वतः कमावली होती, आणि ती बऱ्याच अंशी रविवारची कमाई होती.

१९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी पहिल्यांदा बारा तासांची मर्यादा घातली. जानेवारी १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईत दहा तासांचा दिवस आला. १९२२च्या कायद्याने आठवड्याचे साठ तास ठरले आणि मुलांचं किमान वय बारा झालं.

सुपारीबागेतल्या त्या निवेदनातल्या बाकी मागण्यांना आणखी वाट पाहावी लागली. कामावर जखमी झालेल्याला भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये झाला, मागणी केल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी. वेळेवर पगाराची गोष्ट तर त्याहून लांबली. १८९७च्या प्लेगमध्ये माणसं गावाकडे पळाली तेव्हा गिरण्या ओस पडल्या आणि मालक नाक्यानाक्यावर रोजच्या रोज रोख मजुरी देऊन माणसं मिळवू लागले. पगार लगेच देता येतो, हे त्या काही महिन्यांत सिद्ध झालं. साथ ओसरली आणि पगार पुन्हा अडकवून ठेवला जाऊ लागला. अखेर १९३६ मध्ये वेतन देण्याचा कायदा झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यावर सात दिवसांत आणि मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत पगार हातात पडला पाहिजे, असं त्याने ठरवलं. साडेपाच हजार माणसांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली होती.